भेट देणारा मोकळा होतो

आमच्या घरात भिंतीवरची घड्याळे पाच आहेत आणि त्यांतले एकही आम्ही विकत घेतलेले नाही. दोन एका पतसंस्थेने वार्षिक सभेनंतर सभासदांना वाटली, एक वास्तुशांतीच्या आहेरात आले, एक माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मिळाले आणि पाचवे कोणी दिले ते आता सांगता येत नाही, कारण काचेवर छापलेले नाव उन्हाने उडून गेले आहे. भिंतीवर त्यांतले एकच असते. उरलेली चार आपापल्या खोक्यांत माळ्यावर असतात. दिवाळीच्या आधीच्या झाडलोटीत ती खाली येतात, त्यांच्यावरची धूळ पुसली जाते, ‘कोणाला तरी देऊन टाकू’ हे वाक्य घरात कोणीतरी उच्चारते आणि दिवेलागणीपर्यंत ती पुन्हा वर जातात. सांगलीतल्या मध्यमवर्गीय घरात यात काही नवल नाही. शेजारी घड्याळांच्या जागी लेमन सेट असतील, पलीकडे शोकेसमध्ये काचेच्या मोरांची रांग असेल आणि गावाकडच्या घरी कपाटात टॉवेल-टोप्यांची चळत असेल, एवढाच फरक.

सणासुदीला काय द्यावे, हा प्रश्न आपण बहुतेक वेळा दुकानात उभे राहून विचारतो. किती रुपयांपर्यंत घ्यायचे, खोके भरीव दिसते की नाही, मागच्या वर्षी त्यांच्याकडून काय आले होते, एवढ्यावर निर्णय होतो. ती वस्तू ज्या घरी जाणार त्या घरात ती कोठे राहील, तिला कोण पुसेल आणि किती वर्षे पुसेल, हा विचार त्यात नसतो. माझे म्हणणे असे आहे की पहिला विचार तोच असला पाहिजे. वस्तू देणारा ती देताक्षणी मोकळा होतो आणि सांभाळणारा अडकतो. आपल्या घरांची रीत पाहिली तर सांभाळणारा म्हणजे बहुधा सांभाळणारीच. भेटीबरोबर आपण तिच्या हाती एक बारीकसे, न संपणारे काम देत असतो, आणि वर तिने हसतमुखाने ‘कशाला एवढे केलेत’ असेही म्हणावे, ही आपली अपेक्षा असते.

साठवण आणि अडगळ यांतला भेद येथे नीट पाहण्यासारखा आहे, कारण सांगलीला साठवणीचे वावडे कधीच नव्हते. हरिपूरची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीत खणलेल्या त्या खोल पेवांत हळद भरून तोंड बंद केले की चांगला भाव येईपर्यंत ती सुखरूप राहत असे. मात्र पेवात उतरलेल्या हळदीला बाहेर येण्याचा दिवस ठरलेला होता, जसा तो कणगीतल्या ज्वारीला असतो आणि बरणीतल्या लोणच्यालाही असतो. अडगळीला असा दिवस नसतो. ती वापरात येत नाही म्हणून माळ्यावर जाते आणि टाकवत नाही म्हणून तेथेच राहते. टाकवत का नाही, तर ती कोणीतरी दिलेली असते. स्वतःच्या पैशाने घेतलेली फसलेली वस्तू माणूस एक-दोन वर्षांत भंगारवाल्याला देतो, पण आत्याने दिलेला फुलदाण्यांचा जोड देताना आत्यालाच दाराबाहेर काढल्यासारखे वाटते. त्यात उद्या ती घरी आली आणि तिने सहज विचारले, तर काय सांगायचे, ही धास्ती वेगळीच. म्हणून कोणत्याही माळ्यावरची सर्वांत जुनी खोकी पाहावीत. त्यांच्यावर बहुतेक वेळा अजून रंगीत कागद आणि ‘सप्रेम भेट’ असते.

घरातला पसारा कमी ठेवण्याची भाषा आजकाल परदेशातून आल्यासारखी बोलली जाते, आणि ती ऐकून आपल्याकडची वडीलधारी मंडळी ‘आता देणेघेणेही बंद करा’ असे वैतागून म्हणतात. वास्तविक आपल्या देण्याघेण्याच्या जुन्या रीती पाहिल्या तर त्यांत संपून जाणाऱ्या गोष्टींचाच भरणा आहे. संक्रांतीचे सुगड मातीचे असते आणि त्यात ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गाजर, तिळगूळ असे त्या आठवड्यात शेतात आणि बाजारात जे असेल तेच भरले जाते. ओटीत धान्य आणि नारळ असतो, आणि त्या नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी होते. अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचे वाण देतात. संख्या ऐकून छाती दडपते खरी, पण घरात चार माणसे असतील तर तेहतिसातला शेवटचा अनारसा आठवडाही पाहत नाही. दिवाळीत शेजारी जाणारे फराळाचे ताट तर रिकामे होऊन परतही येते. ओटीतला खण मात्र शिवला जात नाही, तो फिरत राहतो, आणि यावर विनोद करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मला तो विनोद पटत नाही. मी एकीला दिलेला, कोपऱ्यावर हळदीचा बोटभर डाग असलेला हिरवा खण तीन वर्षांनी एका बारशात माझ्याच ओटीत परत आला, तेव्हा मला हसू येण्याऐवजी त्या कापडाचे कौतुक वाटले. तो खण हे मानाचे नाणे आहे. नाणे कोणी अंगावर शिवून घालत नाही. ते फिरते आणि ट्रंकेत बोटभर जाडीचीच जागा घेते.

जुन्या काळी टिकाऊ वस्तू दिल्याच जात नव्हत्या, असे मात्र म्हणता येणार नाही. लग्नात तांब्या-पितळेची भांडी येत, त्यांच्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख घातलेली असे, आणि आजही अनेक घरांत पणजीच्या नावाचा तांब्या पाणी भरायला वापरात आहे. पण त्या भांड्यांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे नव्या संसाराला त्यांची खरोखरच गरज असे, कारण घागर ही काही दर महिन्याला विकत घेण्याची वस्तू नव्हती. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांना मोड येत असे. अडीअडचणीला भांडे गहाण टाकता येई, फुटले तर मोडीच्या भावाने देऊन त्यात थोडी भर घालून नवे आणता येई. पितळेची परात ही बाईच्या हाताशी असलेली छोटी ठेव होती. जुन्या कपड्यांसाठी बोहारीण दारावर येत असे, तिच्याशी तासभर घासाघीस होई आणि दोन साड्यांच्या बदल्यात एक पातेले घरात येई. म्हणजे वस्तू घरात यायला जशी वाट होती तशी बाहेर जायलाही होती.

ही बाहेरची वाट गेल्या तीस-चाळीस वर्षांत बुजत गेली, आणि माझ्या मते खरे कारण तेथे आहे. फायबरच्या ट्रेला, रंगीत काचेच्या बाऊलला, प्लास्टिकच्या फुलांना मोड नाही. त्यांची दुरुस्ती होत नाही आणि त्या कोणी बदलूनही घेत नाही. दुसरीकडे त्या इतक्या स्वस्त झाल्या की शंभर-दीडशे रुपयांत ‘काहीतरी दिल्याचे’ समाधान मिळू लागले. घरे मात्र वाड्यांतून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आली. आत येणे सोपे झाले, बाहेर जाणे बंद झाले आणि मधली जागा आक्रसली. मग माळे भरले नसते तरच नवल.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात हे सर्वांत स्पष्ट दिसते. वाण लुटणे ही फार देखणी कल्पना आहे, कारण येथे देणारी स्वतःच ‘लुटा’ म्हणते. पण आज वाण म्हणजे ठोक बाजारातून डझनावर आणलेली साबणाची डबी, चहाची गाळणी, मोबाईल ठेवायचा स्टँड किंवा जेमतेम लिंबू मावेल एवढी टोपली. एखादी बाई त्या काळात पंधरा घरी गेली तर पंधरा वाणे तिच्या घरी येतात आणि तिने बोलावलेल्या तिसांच्या घरी तीस जातात. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी झाली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली आणि तीत मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायचा पातळ प्लास्टिकचा कागदही आहे. एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकचा विचार कायद्याने केला. एकदाही न वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिकचा विचार कायदा करू शकत नाही, तो आपल्यालाच करावा लागेल.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. अडगळ ही भरलेल्या घराची तक्रार आहे. ज्या घरात दोनच ताटे आहेत तेथे तिसरे ताट अडगळ होत नाही, आणि वस्तीतल्या हळदीकुंकवात मिळालेली बादली त्याच संध्याकाळी नळावर जाते. म्हणून ‘वस्तू देऊ नका’ असा सरसकट नियम करणे उर्मटपणाचे होईल. पण याच मुद्द्याची दुसरी बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. दिवाळीच्या झाडलोटीत निघालेले, आपल्याला नको असलेले सामान आपण घरकामाला येणाऱ्या मावशींच्या हाती देतो आणि त्याला पोस्त म्हणतो. मीही हे केले आहे. त्यांतला नॉनस्टिक तवा, ज्याचा थर उडायला लागला होता, त्यांनी निमूटपणे नेला. पुढे कधीतरी बोलता बोलता कळले की घरी तो वापरलाच नाही, भंगारात घातला आणि पंचवीस रुपये आले. आपली अडगळ दुसऱ्याच्या घरी पोहोचवण्याचे हमालीचे कामही मी त्यांच्याकडूनच करून घेतले होते. त्या वर्षापासून पोस्त रोख असते आणि सोबत फराळ असतो.

भेट आणि अडगळ यांच्या नात्याविषयी मला जे काही कळले ते बहुतांशी २०१९च्या ऑगस्टमध्ये कळले. त्या महिन्यात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले; तेथे धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. गावभागातल्या आमच्या घरात छातीइतके पाणी होते. ते ओसरल्यावर दार ढकलून आत गेलो, तेव्हा रोज लागणारे जे जे होते ते सर्व गेले होते. गव्हाच्या कोठीचे झाकण फुगलेल्या धान्याने वर उचलले गेले होते, शिलाई मशीन चिखलाने माखले होते, गाद्या दोघांना उचलत नव्हत्या आणि मुलांच्या वह्यांचा लगदा झाला होता. माळा मात्र कोरडा होता. चार घड्याळे, दोन लेमन सेट, फुलदाण्यांचा जोड, कोणीतरी दिलेला संगमरवरासारखा दिसणारा ताजमहाल, हे सर्व आपापल्या खोक्यांत जसेच्या तसे बसलेले होते. बारा-पंधरा वर्षांत ज्याची एकदाही गरज लागली नाही तेवढे पुराने आम्हाला ठेवले. लेमन सेटमधले पेले त्या आठवड्यात उपयोगी पडले, हेही सांगितले पाहिजे. चिखल काढायला आलेल्या मुलांना आम्ही त्यांतून चहा दिला. पण चहासाठी पेले असावेत म्हणून महापुराची वाट पाहणे ही काही गृहव्यवस्था नव्हे.

त्याच दिवसांत देण्याचे दोन प्रकार एकाच रस्त्यावर दिसले. बाहेरगावाहून मदतीचे ट्रक आले, त्यांत फार मोलाचे सामान होते आणि ज्यांनी ते पाठवले त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण त्यांत जुन्या कपड्यांची गाठोडीही होती. ज्यांच्या घरात कोरडी फरशी उरली नव्हती त्यांनी ते कपडे ठेवायचे कोठे आणि निवडायचे कधी? कपड्यांचे ढीग ओल्या रस्त्याच्या कडेला पडून राहिले आणि अखेर घरांतून निघालेल्या चिखलाबरोबर तेही उचलावे लागले. देणाऱ्यांच्या घरातली कपाटे मोकळी झाली, आमच्या शहरातला कचरा वाढला. उलट ज्यांनी खराटे, फिनेल, पिण्याचे पाणी, ब्लँकेटे आणि सॅनिटरी पॅड आणले त्यांच्यापुढे रांग लागली. कराडकडून माझा मावसभाऊ आला तो फावडे, दोन घमेली आणि गमबूट घेऊन, आणि दोन दिवस राबून गेला. येण्याआधी रात्री त्याने फोनवर एकच विचारले होते, “ताई, काय आणू नको ते सांग.” मला वाटते, भेट देण्यापूर्वी विचारण्याचा याहून चांगला प्रश्न मी ऐकलेला नाही. ‘काय आणू’ असे विचारले की समोरचा माणूस संकोचाने ‘काही नको’ म्हणतो. ‘काय नको’ असे विचारले की खरे उत्तर येते.

यावर कोणी म्हणेल की मग पैसेच द्यावेत. हा विचार अर्थशास्त्रात पूर्वीच मांडला गेला आहे. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९३ मध्ये नाताळच्या भेटींविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. मिळालेली वस्तू स्वतः घ्यायची झाली असती तर तिला किती किंमत दिली असती, असे त्याने विद्यार्थ्यांना विचारले आणि हिशेब केला, तेव्हा भेटींच्या किमतीपैकी दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत मूल्य वाया जाते असे त्याला आढळले. मला त्यातला वेगळाच तपशील महत्त्वाचा वाटतो. मित्रमैत्रिणी आणि जोडीदार यांनी दिलेल्या वस्तूंत हा तोटा कमी होता, आजी-आजोबा, काका, आत्या यांनी दिलेल्या वस्तूंत जास्त. प्रेम कोणाचे कमी होते म्हणून नव्हे. रोजचे आयुष्य कोणाला ठाऊक होते, यावर ते ठरत होते. नाताळ तिकडचा आणि विद्यार्थीही तिकडचे, पण माळ्यावरच्या आमच्या खोक्यांवरची नावे वाचली तर हिशेब फारसा वेगळा निघत नाही.

रोख पैशाचे आपल्याला वावडे नाही. उलट एक रुपयाचे नाणे चिकटवलेले आहेराचे पाकीट ही आपली स्वतःची सोय आहे. त्याला जागा लागत नाही, नव्या जोडप्याला ते हवे तेथे वापरता येते, आणि लग्न, बारसे, वास्तुशांत अशा प्रसंगी मी बेलाशक पाकीटच देते. पण पाकिटालाही एक ओझे असते आणि ते आहेराच्या वहीत असते. कोणी पाचशे एक दिले, कोणी एकशे एक, हे नावानिशी लिहिले जाते आणि पुढच्या प्रसंगी ती वही उघडूनच परतफेड ठरते. माळ्यावर जागा लागली नाही तरी मनात लागते. म्हणून जवळच्या माणसाला, बहिणीला, आत्याला, जुन्या शिक्षकांना दिवाळीत पाकीट देणे मला तरी कोरडे वाटते. तेथे पैशापेक्षा लक्ष द्यावे लागते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या आत्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. तरुणपणी त्या मिरजेत गाणे शिकल्या, लग्नानंतर ते सुटले आणि त्यांचा तंबोरा बैठकीच्या खोलीत दारामागे गवसणीत उभा राहिला. त्या आधीच्या दिवाळीला आम्ही भाच्यांनी मिळून त्यांना पाय चोळायचे यंत्र दिले होते; ते त्यांनी एकदा लावून पाहिले आणि ‘अंगावर काटा येतो’ म्हणून पलंगाखाली सरकवले. त्या वर्षी आम्ही काहीच विकत आणले नाही. तंबोरा गवसणीसकट उचलला आणि मिरजेला सतारमेकर गल्लीत नेला. तेथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आले आहेत, पंढरपूरच्या बाजूचे भोपळे आणून त्यांतून तंबोरे-सतारी घडवतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. कारागिराने भोपळ्यावर बोटाने टकटक केले, कानाजवळ नेऊन ऐकले आणि खालच्या बाजूला केसासारखा तडा दाखवला. तडा बुजवणे, चारही तारा बदलणे, एक सैल झालेली खुंटी बसवणे आणि जवारी नव्याने काढणे असे काम निघाले. जवारी काढणे म्हणजे तार ज्या घोडीवर टेकते तिचा पृष्ठभाग घासून असा करणे की तार छेडल्यावर नुसता टण आवाज न होता झंकार उठावा आणि तो लांबत जावा. यंत्राने ते होत नाही. घासायचे, तार लावायची, ऐकायचे, पुन्हा उतरवायची आणि पुन्हा घासायचे. धनत्रयोदशीला तंबोरा परत आला आणि होता तेथेच, दारामागे, उभा राहिला. घरात एका इंचाचीही भर पडली नव्हती. आत्यांनी दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नान झाल्यावर गवसणी काढली, आणि खर्ज लागतो का ते पाहायचे म्हणून त्या अर्धा तास उठल्याच नाहीत.

दुरुस्ती ही भेट होऊ शकते, हे आपल्या ध्यानातच येत नाही, कारण तिला रंगीत कागद गुंडाळता येत नाही. आजोबांच्या खुर्चीचा वेत विणून देता येतो, आईच्या शिलाई मशीनची देखभाल करून देता येते, जुन्या पोथीची बांधणी करून देता येते. ‘सर्वांनी असे करायचे ठरवले तर दुकानदारांनी काय करावे’ हा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो, आणि तो हलका नाही. आमच्या पेठांतल्या कित्येकांचे वर्ष दिवाळीच्या पंधरा दिवसांवर चालते. पण या मार्गाने पैसा बाजारातून नाहीसा होत नाही. तो सतारमेकराकडे जातो, वेत विणणाऱ्याकडे जातो, तासगावच्या बेदाण्याकडे आणि सांगलीच्या हळदीकडे जातो. या दोन्हींना, बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये, भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि दोन्ही पाहुण्यांच्या घरी पोहोचून वर्षाच्या आत संपतात. सातारचे कंदी पेढे तर तेवढेही थांबत नाहीत.

नाटकाची तिकिटे ही भाऊबीज म्हणून मला फार आवडते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले आणि तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो; तो येतोही दिवाळीच्या आसपास. बहिणीला आणि मेहुण्यांना दोन तिकिटे द्यावीत आणि त्या संध्याकाळी त्यांची मुले आपण सांभाळावीत, कारण नुसत्या तिकिटाने लहान मुले असलेल्या बाईला घराबाहेर पडता येत नाही. वाचनालयाची वर्षाची वर्गणी भरून द्यावी. दिवाळी अंकांची परंपरा १९०९च्या ‘मनोरंजन’पासून चालत आली आहे आणि अनेक वाचनालये एकरकमी वर्गणीत ते सर्व अंक आळीपाळीने वाचायला देतात, अंक घरी येतो, वाचून होतो आणि परत जातो. पुरात ज्या वाचनालयांची कपाटे भिजली त्यांना सभासद मिळतात, हा आणखी एक लाभ.

‘खाल्ले ते संपले, वस्तू डोळ्यांसमोर राहते आणि माणसाची आठवण राहते’ असे माझ्या सासूबाई म्हणत, आणि त्यात तथ्य आहे. त्यांच्या आईच्या नावाचा तांब्या आमच्याकडे रोज देवघरात असतो. पण तो रोज असतो, म्हणून आठवण राहते. माळ्यावरच्या खोक्यातून आठवण येत नाही. वर्षातून एकदा, शिडीवर उभे असताना, थोडा राग येतो.

व्यक्तींपेक्षा संस्थांचा दोष मला मोठा वाटतो, कारण तेथे आकडे हजारांत असतात आणि खर्च सभासदांच्याच पैशातून होतो. आमच्या भागात पतसंस्था, सोसायट्या, बँका, मंडळे यांचे जाळे दाट आहे. वार्षिक सभेला स्टीलचा डबा, बॅग, चादर, घड्याळ वाटले की कारभार चांगला चालल्याचे वातावरण तयार होते. समारंभांतली स्मृतिचिन्हे तर ज्याला मिळतात त्यालाही नको असतात. निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी ती पोत्यात भरलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यावर नाव कोरलेले असल्यामुळे ती दुसऱ्याला देण्याचीही सोय नसते. याच भागातली याहून जुनी आणि शहाणी पद्धत म्हणजे कारखान्याची दिवाळीची साखर. ऊस घालणाऱ्या सभासदाला सवलतीच्या दरात साखर मिळते, ती करंज्या-लाडवांत जाते आणि पोतेही घरात कामाला येते. संस्थेकडे जे पिकते ते सभासदाच्या ताटात यावे, हा त्यामागचा विचार कोणी लिहून ठेवला नसेल, पण तो घड्याळापेक्षा निश्चित चांगला आहे. ज्यांच्याकडे साखर नाही त्यांनी निदान अर्जावर ‘भेटवस्तू नको, रक्कम खात्यात जमा करावी’ असा एक पर्याय ठेवावा. मागच्या वर्षी मी एका संस्थेत तसे सुचवून पाहिले. खिडकीमागच्या मुलाने वही उलटसुलट करून पाहिली आणि अगदी नम्रपणे सांगितले, “काकू, नको म्हणायला रकानाच नाही. तुम्ही सही करून घेऊन जा, नाहीतर माझा हिशेब लागायचा नाही.” मी सही केली. या वेळी चादर होती.

परवा वहिनींकडून चकल्यांचा डबा आला. चकल्या मुलांनी संपवल्या, डबा घासून ओट्यावर पालथा घातला आहे. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, हा नियम त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. त्यांना गोड चालत नाही, शेंगदाण्याची चटणी त्यांच्याकडे माझ्यापेक्षा चांगली होते आणि बेदाणे त्या स्वतःच तासगावहून आणतात. फोन करून काय नको ते विचारायला हवे.